साय खाल्ल्याबद्दल काळं पाणी

मी ठमी बोलतेय. जातीने मांजर, जन्माने पुण्याची आणि घरच्यांच्या मते चोर. चोरीबद्दल मला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सध्या ती टोकियोत, हिगाशी-कसाईला, सहाव्या मजल्यावर भोगतेय. तेव्हा माझं कुणी ऐकून घेतलं नाही. निदान तुम्ही तरी घ्या.

कर्वेनगरला एका जिन्याखाली मी जन्मले. तिथून मोरेश्वरनानांनी मला खिशात घालून वर नेलं. नाना निवृत्त, स्वभावाने गरीब आणि रक्तात साखर. त्यांच्या बायकोने, जयंतीबाईंनी, घरातलं गोडधोड बंद करून टाकलं होतं. फक्त तुपासाठी साठवलेल्या सायीचं भांडं तेवढं फ्रिजमध्ये असायचं.

दुपारी जयंतीबाई आडव्या झाल्या की नाना स्वयंपाकघरात यायचे. चाल अशी, की मलासुद्धा कौतुक वाटावं. वाटीत साय काढायची, वर साखर पेरायची, ओट्याला टेकून उभ्या उभ्या अर्धी खायची. उरलेली माझ्यापुढे सरकवायची. "घे ठमे, तुझा वाटा." मी मिशा बुडवायचा अवकाश, जयंतीबाई दारात हजर. नाना तोवर बाहेर पेपर उघडून बसलेले.

"अहो, ऐकलंत का, तुमच्या मांजरीने परत साय खाल्ली. मेली चोरटी."

"हो का? फारच सोकावलीय," पेपरमागून उत्तर.

आता मला सांगा, मांजराला गोडाची चव कळते का? मग मी साखर कशाला पेरून घेईन? आणि फ्रिजचं दार काय मी शेपटीने उघडलं? साय म्हणे मी खात होते आणि साखर वाढत होती नानांची. याचं कुणाला काही वाटू नये? चांगली शिकली-सवरलेली माणसं ही. मी वैतागून शेपूट आपटली, तर त्यावरही "बघा मिजास" म्हणून बोलणी खाल्ली.

शेवटी नानांना चक्कर आली, डॉक्टर खूप बोलले आणि जयंतीबाईंनी निकाल दिला, "ही मांजर या घरात नको." त्यांची एकुलती मुलगी कादंबरी इथे संशोधन करते. ती म्हणाली, मी नेते. मग माझ्या मानेत ओळखीच्या नंबराची चिप टोचली, सुया झाल्या, रक्त तपासलं आणि जपानच्या नियमाप्रमाणे कितीतरी महिने थांबवून ठेवलं. एवढा बंदोबस्त वाटीभर सायीसाठी. निघताना नाना पिंजऱ्याजवळ वाकले. मला वाटलं, आता तरी कबूल करतील. तर म्हणाले, "तिकडे मासे चांगले मिळतात म्हणे." मासे म्हणे. मला इथे सुक्या गोळ्या मिळतात.

पुढच्या वर्षी नाना गेले. कादंबरी पुण्याला जाऊन आली आणि मला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली, तेव्हा मला कळलं. मी रागावलेलीच होते त्यांच्यावर, तरी त्या दिवशी गोळ्या खाल्ल्या नाहीत.

यंदा तिने आईला इथे आणलं. जयंतीबाई आल्या त्या एक घोर घेऊनच. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. मुलीला सांभाळीन, घर विकणार नाही, सगळी वचनं देऊन झाली होती. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. "त्यांचं काहीतरी राहिलंय गं," असं त्या येता-जाता म्हणायच्या. एरवी तक्रार दुधाची. इथल्या दुधाला साय धरत नाही. तरी रोज तो पापुद्रा काढून फ्रिजमधल्या वाटीत साठवायच्या. मी त्या वाटीकडे बघतसुद्धा नव्हते. एकदा झाली तेवढी शिक्षा पुरे.

पितृपक्षात नानांची तिथी आली. वडे, खीर, आमसुलाची चटणी असं पान वाढून त्यांनी बाल्कनीत स्टुलावर ठेवलं. मला जाळीच्या दाराआड कोंडलं, हे सांगायला नकोच.

"आई, इथे कावळ्यांना खायला घालत नाहीत," कादंबरी हळूच म्हणाली. "कचऱ्यावरही जाळी टाकतात, ते उपसतात म्हणून. खालचे सातो-सान बघतील."

"बघू देत एक दिवस."

कावळा आला. चांगला दांडगा होता. समोरच्या तारेवर बसून चोच घासत राहिला. जयंतीबाई हात जोडून सांगत होत्या, पोरीची काळजी करू नका, माझी करू नका. तो ढिम्म. मी आत नुसती धुमसत होते. अहो, त्यांचं काय राहिलंय हे मांजराला कळतं आणि तुम्हाला कळू नये?

मग त्या उठल्या. फ्रिजमधली वाटी आणली, वर साखर पेरली आणि पानाशेजारी ठेवली.

"साय ठमीने नव्हती खाल्ली," त्या तारेकडे बघून म्हणाल्या. "मला माहीत होतं. तुम्हाला चोर कसं म्हणू? तिला बोललं की तुम्हाला ऐकू जायचं. ती गेली की नाव घ्यायला कुणी उरणार नाही, मग तरी थांबाल असं वाटलं. थांबलात. पण मग जेवणातच मन राहिलं नाही तुमचं. खा आता. मी नाही रागावणार."

ऐकलंत? बाईंना माहीत होतं, आणि तरी मी मानेत नंबर घेऊन समुद्रापार. संताप संताप झाला माझा. आता ओरडणारच, तेवढ्यात कावळा स्टुलावर उतरला.

वड्याला नाही, खिरीला नाही, त्याने थेट वाटीत चोच घातली. मी मिशीसुद्धा हलवली नाही. अर्धी वाटी झाल्यावर तो थांबला, जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि उडून गेला.

जयंतीबाईंनी ती अर्धी वाटी उचलली. मग डोळे पुसून त्यांनी दार सरकवलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली.

"घे ठमे, तुझा वाटा."

हे नानांचे शब्द. म्हणजे दुपारी त्या झोपतही नव्हत्या.

मी साय खाल्ली, सगळ्यांदेखत, वाटी चाटूनपुसून. राग अजून आहे, तो एका वाटीने जायचा नाही. पण जयंतीबाईंच्या मांडीवर बसून मी तुम्हाला एक सांगते. घरातली साय कमी झाली तर मांजराचं नाव घेण्याआधी वाटीचा तळ बघा. तिथे साखर दिसली, तर ज्याची त्यालाच बोला, समोर बसून, तो पेपरमागून ऐकू शकतोय तोवर. मांजराला मध्ये घालू नका. म्हणजे मग कावळ्याला सांगायची वेळ येणार नाही.