कागदाच्या पाठीवरची आकृती

तारीखबाईंनी तो कागद तीनदा उलटला आणि तिन्ही वेळा तेच दिसलं. पुढच्या बाजूला आकृती तीन, मागच्या बाजूला आकृती चार. चौथ्यांदा उलटून काही वेगळं दिसणार नव्हतं, तरी त्यांनी उलटला. मग उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, बसल्या, आणि लगेच पुन्हा उठल्या.

तारीखबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या वकीलसाहेबांच्या कचेरीत त्या एकवीस वर्षं काम करत होत्या. कुठल्या अर्जाची कुठली मुदत कधी संपते हे त्यांना तोंडपाठ असायचं, म्हणून लोक त्यांना तारीखबाई म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही मुदत हुकली नव्हती. पण लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन आठवडे रजेवर गेल्या, आणि तेवढ्या काळात आलेलं टपाल कुणी उघडलंच नाही. टपाल उघडणं ही एक कला आहे आणि ती फक्त बाईंना येते, असं साहेबांचं मत होतं.

आज अठरा तारीख. सकाळी उघडलेल्या तिसऱ्या लिफाफ्यात पेटंट कार्यालयाचं पत्र निघालं. गेल्या महिन्याच्या वीस तारखेचं. मजकूर चारच ओळींचा: शिडीच्या अर्जात आकृती चारचा उल्लेख आहे, पण आकृती चार मिळालेली नाही, एक महिन्याच्या आत काय ते कळवावे. म्हणजे परवा संध्याकाळी पाचपर्यंत.

बाईंनी फाइल काढली, ज्याच्या नव्या शिडीचा हा अर्ज होता त्या शिडीवाल्याने दिलेले मूळ कागद बाहेर काढले, आणि तिसरा कागद पालथा झाला तेव्हा सगळा उलगडा झाला. शिडीवाल्याने आकृती चार कागदाच्या पाठीवर काढली होती. बाईंनी स्कॅनरमध्ये कागद घातले, स्कॅनरने एकेकच बाजू घेतली, आणि त्या आकृतीतला, शिडीचा जीव असलेला खटका फाइलमध्येच राहिला.

"साहेब, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे," त्या साहेबांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंच्या तोंडून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पत्र वाचलं, कागद उलटून पाहिला.

"याआधी कुठे दुसरा अर्ज केला होता का, ज्यात ही आकृती होती? असेल तर त्याच्या जोरावर ही आत घेता येईल, वाचलो."

"नाही. हाच पहिला."

"मग शिडीवाल्याला बोलवा. ताबडतोब."

शिडीवाला तासाभरात आला. सोबत बायकोचा धाकटा भाऊही होता. हा मेहुणा रंगारी. तीन वर्षांपूर्वी उंचसखल फरशीवर शिडी घसरून तो पडला होता, आणि अजूनही डावा पाय जरा ओढत चालायचा. त्या पडण्यातूनच ही नवी शिडी जन्माला आली होती. तिचा एक पाय नळीतून खालीवर सरकतो, जमीन लागेल तिथे थांबतो, आणि माणूस पहिल्या पायरीवर चढला की आतल्या खटक्याने जागच्या जागी पकडला जातो.

बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगून टाकलं. "चूक माझी आहे. मी कागदाची पाठ पाहिली नाही."

शिडीवाला गोंधळला. "पाठीवर काढलं ते मीच ना? एवढा चांगला कागद, अर्धा कोरा सोडायचं जिवावर आलं."

"भावोजी पत्र्याचा तुकडासुद्धा दोन्ही बाजूंनी वापरतात," मेहुणा म्हणाला. "मग आता पाठवून द्या की. त्यात काय एवढं?"

इथे साहेबांनी तोंड उघडलं, पण बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. त्यांना साध्या शब्दांत सांगता येत असे, साहेबांना येत नसे.

"असं बघा, अर्जाची तारीख म्हणजे रांगेतली जागा. तुम्ही गेल्या महिन्याच्या बारा तारखेला रांगेत उभे राहिलात, पण एक पिशवी घरी राहिली. आता दोनच वाटा आहेत. पिशवी घेऊन या, पण मग आज येऊन रांगेच्या शेवटी उभं राहावं लागेल. म्हणजे तुमची तारीख बारा राहणार नाही, आकृती पोचेल त्या दिवसाची होईल. नाहीतर पिशवी सोडून द्या. आकृती चार अर्जात नाहीच असं लिहून द्या, म्हणजे जागा तुमची राहील."

"मग शेवटी उभं राहू की," शिडीवाला म्हणाला. "महिनाभर इकडे काय, तिकडे काय. खटक्याशिवाय शिडीला काय अर्थ आहे?"

"या महिनाभरात शिडी कुणाला दाखवली का?" साहेबांनी विचारलं.

शिडीवाल्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे.

"चौदा तारखेला अवजारांच्या प्रदर्शनात ठेवली होती," शिडीवाला म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, आधी अर्ज, मग प्रदर्शन. म्हणून तर बारा तारखेची घाई केली."

"खटका झाकलेला होता ना?"

"होता," मेहुणा म्हणाला. "पण लोकांना खरं वाटेना. मग मी झाकण काढलं. लोकांनी फोटो काढले. एकाने तर व्हिडिओ काढला. मीच त्याला म्हटलं, जरा जवळून घे."

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"तारीख चौदाच्या पुढे गेली," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तर तुमची शिडी नवी राहत नाही. ज्यांनी पाहिली त्यांच्यामुळे ती जुनी झाली. मग पेटंट नाही."

शिडीवाला उठला आणि खोलीत फेऱ्या मारू लागला. बाईही उभ्याच होत्या. दोघं एकमेकांना वाट देत देत त्या एवढ्याशा खोलीत फिरत राहिले.

"म्हणजे चित्र सोडायचं," तो शेवटी म्हणाला. "आणि खटका?"

"खरा प्रश्न तोच आहे," साहेब म्हणाले. "चित्र सोडलं की अर्जातून 'आकृती चारमध्ये दाखवल्याप्रमाणे' असं जिथे जिथे लिहिलंय ते सगळं गेलं असं धरतात. उरलेल्या शब्दांतून एखाद्या जाणत्या कारागिराला खटका बनवता आला पाहिजे. नाही आला, तर तारीख हातात आणि आत काही नाही."

बाईंनी अर्जाची प्रत घेतली आणि उभ्या उभ्याच जाड पेनाने आकृती चारचे सगळे उल्लेख काळे केले. सहा जागा होत्या. एके ठिकाणी अख्खं वाक्य गेलं. उरलं ते त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांना काहीच ठरवता येईना. त्यांनी तो खटका इतक्यांदा पाहिला होता की शब्द अपुरे आहेत की पुरेसे, हे त्यांना दिसतच नव्हतं. साहेबांचंही तेच. शिडीवाल्याचं तर विचारूच नका.

"ज्याने खटका पाहिलेला नाही असा कारागीर हवा," त्या म्हणाल्या आणि पर्स न घेताच जिना उतरल्या.

समोरच्या फुटपाथवर किल्ल्या बनवणारे एक काका बसत. कचेरीच्या कपाटाची किल्ली हरवली की हेच यायचे. सदा कुरकुर करणारे म्हणून त्यांची ख्याती होती, आणि ती त्यांनी मेहनतीने कमावली होती.

"कपाट पुन्हा अडकलं?" काका म्हणाले.

"नाही. एक कागद वाचायचाय."

"कागद वाचायला तुम्ही आहात की. मी लोखंड वाचतो."

"म्हणूनच आले. काका, अवजारांच्या प्रदर्शनाला गेला होतात?"

"मला काय काम नाही?"

बाईंना हायसं वाटलं. काकांची कानस, कात्री आणि चिमटा त्यांनी स्वतःच उचलला, म्हणून काकांना मागे यावंच लागलं.

कचेरीत त्यांच्यापुढे काळे पट्टे मारलेली पानं ठेवली, जाड पुठ्ठा दिला, टाचण्या दिल्या आणि लाकडी पट्टी दिली. साहेबांनी सगळ्यांना बजावलं, कुणी एक अक्षर बोलायचं नाही. शिडीवाल्याला वेगळं बजावलं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

काका वाचू लागले. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. दहा मिनिटं गेली. पट्टीच्या कडेला त्यांनी कानशीने तिरप्या खाचा पाडल्या. तो झाला शिडीचा सरकता पाय. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून नळी केली. मग पुठ्ठ्याचाच बोटभर तुकडा कापला, त्याला टोक केलं आणि नळीला टाचणीने अडकवला. टाचणी, म्हणजे खटक्याची खीळ, होती टोकाच्या खाली.

शिडीवाल्याच्या घशातून बारीक आवाज आला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आवाज तिथेच विरला.

काकांनी नळी खाली दाबली. पुठ्ठ्याचं टोक खाचेवरून सरकलं आणि पट्टी सुटली. पुन्हा दाबली. पुन्हा सुटली.

"हा कसला खटका?" काका म्हणाले. "याच्यावर माणूस चढला तर थेट हाडवैद्याकडे."

मेहुणा आपला डावा पाय चोळू लागला. शिडीवाल्याने डोळे मिटले. बाईंना बसवेना. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्यांना आज जरा जास्तच पळताना दिसला.

"कुणी लिहिलंय हे?" काकांनी विचारलं.

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बरं, नका सांगू." काकांनी पान पुन्हा ओढलं आणि या वेळी मोठ्याने वाचलं. "'पायरीवर भार येताच खटका खिळीभोवती फिरतो व त्याचे टोक पायाच्या खाचेत शिरते. भार जितका वाढेल तितके टोक अधिक आत रुतते. शिडी उचलताच स्प्रिंग टोकाला बाहेर ओढते.'" ते थांबले. "भार वाढला की रुतते. माझं तर सुटतंय." त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा काढला, हातात फिरवला. "खीळ खाली असली तर टोक वर ढकललं की बाहेरच पळणार. म्हणजे हे वाक्य खरं असेल तर खीळ खाली असूच शकत नाही. वर पाहिजे."

त्यांनी टाचणी काढली आणि टोकाच्या वर टोचली. नळी दाबली. टोक खाचेत शिरलं. जोर लावला. आणखी रुतलं. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा पुठ्ठा वाकला, पण टोक सुटलं नाही.

"आता सुटायचं नाही," काका म्हणाले. "स्प्रिंग तुमची तुम्ही लावा. आणखी काय? मला दुकान आहे."

शिडीवाल्याने हात मांड्यांखालून काढले. ते पांढरे पडले होते. त्याने तो पुठ्ठ्याचा खटका उचलला आणि दाबून पाहिला. त्याच्या खटक्यापेक्षा तो ओबडधोबड होता, टोकही जरा बोथट, पण होता तोच.

"पहिल्यांदा चुकलेच की ते," तो साहेबांना म्हणाला. त्याला अजून धीर होत नव्हता.

"चुकले, आणि कागद वाचूनच सुधारले. तुमच्यापैकी कुणी सांगितलं का? नाही. कागदाने सांगितलं." साहेब आज पहिल्यांदा हसले. "पेटंट कार्यालयातला तपासनीस काय म्हणेल ते दोनेक वर्षांनी कळेल. त्याची हमी मी देत नाही. पण मी शब्दांच्या बाजूने उभा राहीन."

"पण चित्र…" शिडीवाला आकृती चारकडे पाहत म्हणाला. त्याने ती चार दिवस बसून काढली होती. स्प्रिंगचा एकेक वेढा मोजून. "चित्र सोडायचं हे मी माझ्या सहीने लिहून द्यायचं?"

"भावोजी, चौकट करून भिंतीवर लावा. चौकट मी रंगवून देतो."

"तू गप्प बस. तू झाकण काढलं नसतंस तर इथे बसायची वेळ आली नसती."

"मी पडलो नसतो तर शिडीचीच वेळ आली नसती," मेहुणा म्हणाला. मग आवाज उतरवून पुढे बोलला, "सही करा, भावोजी. चित्र बघून कुणी शिडीवर चढत नाही."

शिडीवाल्याने पेन घेतलं. सही करताना त्याचा हात दोनदा थांबला. मग केली.

बाईंनी पत्र टाइप केलं, साहेबांनी तपासलं, बाईंनी पुन्हा तपासलं, आणि मग संगणकावरून पाठवलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. बाई उभ्या, शिडीवाला त्यांच्या खांद्यामागे उभा, काका दाराशी उभे. दुकान आहे म्हणाले होते, पण गेले नव्हते. चक्र थांबलं आणि काहीच आलं नाही. बाईंनी पुन्हा पाठवलं. या वेळी पोचपावती आली, आणि तासाभराने कार्यालयाची नोंदही आली: आकृत्या तीन. अर्जाची तारीख बारा.

"ही आता हलणार नाही ना?" शिडीवाल्याने विचारलं.

"तारीख हलत नाही," बाई म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

त्याने घरी फोन लावला. "तारीख राहिली… हो. चित्र गेलं… अगं, खटका आहे, शब्दांत आहे… शब्दांत म्हणजे शब्दांत." थोडा वेळ ऐकलं आणि फोन बाईंपुढे धरला. "बाई, तिला पटत नाही. म्हणते, वाचून दाखवा."

बाईंनी पान समोर घेतलं आणि खटक्याच्या त्या तीन ओळी सावकाश वाचल्या. फोनमध्ये मागे कुठेतरी भांडं पडलं.

"एवढ्या ओळींतच आला तो खटका?" शिडीवाल्याची बायको म्हणाली. "तीन वर्षं घरात पत्रा ठोकत होते त्याच्यासाठी."

"आला," बाई म्हणाल्या.

"मग परत एकदा वाचा. जरा हळू."