कात्रीकाकांचे तीन खेळ

चार वर्षांच्या मुलाचे केस कापणं हे काय दिव्य असतं, ते आईबापांना विचारा. आणि त्यांच्याहून जास्त केस कापणाऱ्याला! मूल दारातच बसकण मारतं, कात्री दिसली की दुकान डोक्यावर घेतं, आणि नेमकी कानामागची बट राहिलेली असताना मान झटकतं.

अशी मुलं कात्रीकाकांनी तीस वर्षं सांभाळली. हे नाव मुलांनीच त्यांना दिलेलं. खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकायची, मुलाला वर बसवायचं आणि गप्पा सुरू करायच्या. कात्रीपेक्षा काकांची जीभ जास्त चालते, असं गिऱ्हाइकं गमतीनं म्हणत. पण वय झालं, दिवसभर उभं राहून बोलायला दम पुरेना. मग काकांनी आरशाच्या कडेला एक टॅबलेट बसवला आणि फुकट मिळणारे पंधरा-वीस खेळ त्यात उतरवून घेतले. चित्रं रंगीत दिसली की घेतला खेळ, एवढीच पारख.

आणि काय जादू झाली! रडवी मुलं फळीवर बसताच चिडीचूप. "घरी आमचं ऐकत नाही, तुमच्याकडे मात्र हलतसुद्धा नाही," असं पालक कौतुकानं म्हणत. आता काकांना बोलावंही लागत नव्हतं.

एका रविवारी सकाळी एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. घरातले तिला पिटुकली म्हणत. पिटुकलीनं एक खेळ लावला. दारं उघडत जायची आणि मागे काय आहे ते बघायचं. एका दारामागे फुगे निघाले, दुसऱ्यामागे ससा. तिसऱ्या दारावर बोट ठेवताच भलत्याच कुठल्या खेळाची जाहिरात मध्ये घुसली. एक रक्ताळलेला चेहरा किंचाळत पडदाभर पसरला.

पिटुकली सर्वांगानं उसळली. कात्रीचं टोक तिच्या कानाच्या पाळीत रुतलं.

दवाखान्यात दोन टाके पडले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण आईच त्यांना म्हणाली, "तुमचा काय दोष, काका? तीच हलली." काकांनी मनाची तशी समजूत करून घेतली. टॅबलेट होता तिथेच राहिला.

आठ दिवसांनी पिटुकलीची आजी एकटीच दुकानात आली. आजींचा सारा जन्म बालवाडीत शिकवण्यात गेला होता.

"कान कसा आहे हो?" काकांनी घाईनं विचारलं.

"कान बरा आहे. पण पोर आरशासमोर उभी राहत नाही. दात घासतानासुद्धा डोळे मिटून घेते. म्हणते, आरशातून ते येतं."

"माझ्याच हातून लागलं ना. कात्रीची धास्ती घेतली असेल तिनं."

"कात्रीला ती भीत नाही. 'काकांचा हात चुकला,' इतकंच म्हणते." आजींनी टॅबलेटकडे बघितलं. "एक विचारू? पातं पारखल्याशिवाय तुम्ही कुणाच्या गालाला वस्तरा लावता?"

"छे! आधी नखावर टेकवून बघतो, मग लावतो."

"आणि हा खेळ? तो एकदा तरी खेळून बघितलात?"

काका हळूच म्हणाले, "त्यावर 'लहान मुलांसाठी' असं लिहिलं होतं, बाई."

"लिहिणाऱ्यानं तुमच्या फळीवरचं मूल बघितलंय का? त्या वयाला खरं-खोटं कळत नाही. पडद्यावरचं भूत त्यांच्या लेखी घरातच शिरलेलं असतं!"

टॅबलेट काढायला काकांनी हात पुढे केला. "आजच फेकून देतो!"

"फेकायचा कशाला? निवडा. ज्यात जाहिरात नाही, घाबरवणं नाही, घाई नाही. मूल उठलं की मुकाट्यानं थांबेल, असा खेळ ठेवा. आणि शेजारी आपण बोलत राहा."

दुपारी दुकान रिकामं असतं. त्या वेळात काका रोज स्वतः खुर्चीत बसून एकेक खेळ शेवटपर्यंत खेळू लागले. काय काय दिसलं त्यांना! एकात घड्याळ सारखं मागे लागलेलं, छातीत धडधड व्हावी असं. एकात दर दोन मिनिटांनी जाहिरात. एका खेळातलं गोजिरवाणं मांजर तर खेळ बंद करायला गेलं की डोळ्यांत पाणी आणून म्हणे, "मला सोडून जाऊ नकोस ना!" साठीचे काका, पण बंद करताना त्यांचाही हात अडखळला. मग चार वर्षांच्या जिवाची काय कथा?

शेवटी तीनच खेळ उरले. एक रंग भरायचा, एक आकार जुळवायचा, एक प्राण्यांना त्यांच्या घरी पोचवायचा.

महिन्याभरानं पिटुकली आली, आईच्या पदरात तोंड लपवून. काकांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवली, आरसा पाठीमागे गेला. टॅबलेट तिच्या मांडीवर दिला आणि कात्री चालवता चालवता विचारलं, "हत्तीला कुठं नेतेस गं?"

"त्याच्या आईकडे."

"आणि कासवाला?"

"कासवाचं घर त्याच्या पाठीवरच असतं! तुम्हाला एवढंपण माहीत नाही?"

किती महिन्यांनी फळीवरून कुणी त्यांच्याशी बोललं होतं! काकांचे डोळे भरून आले.

केस कापून झाले. काकांनी छोटा हातआरसा पुढे केला. पिटुकलीनं डोळे घट्ट मिटले.

"आधी तुम्ही बघा," ती पुटपुटली.

काकांनी आरशात नीट निरखून पाहिलं. "बघितलं. आत एक टकलू म्हातारा आहे, बाकी कुणी नाही."

तिनं एक डोळा किलकिला केला. मग दुसरा.

मंडळी, मूल गप्प बसलं म्हणजे ते सुखात आहे, असं आपण धरून चालतो. भाजीची जुडीसुद्धा आपण उलटून बघून घेतो, आणि मुलाच्या हातात मात्र न पाहिलेला खेळ बिनदिक्कत ठेवतो. ती चूक आपली आहे, मुलाची नव्हे. खेळ देण्याआधी तो आपण खेळून बघायचा, आणि दिल्यावर मुलाजवळ बसायचं. 'आधी तुम्ही बघा' असं प्रत्येक मूल काही बोलून दाखवत नाही.