लिंक सोफ्यापर्यंतच येते

वैजनाथरावांना खोटं बोलता येत नाही, हे कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं मालाची तपासणी करताना "हे नापास" असं तोंडावर सांगून त्यांनी पुरेशी माणसं दुखावली होती. पण सत्तराव्या वर्षी या गृहस्थांनी खोटं बोलायला सुरुवात केली, आणि तीसुद्धा बायकोशी.

झालं असं, की द्वारकाबाई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळाल. वॉकर आला, व्यायाम शिकवायला तनुजा नावाची मुलगी आली, पण बाई काही पलंगावरून हलेनात. "आपण दमला असाल, बसा. मी झोपते," असं त्यांनी तनुजाला तिसऱ्याच दिवशी सुनावलं. वैजनाथराव चिडले, विनवण्या करून झाल्या, एकदा तर स्वयंपाकघरात नळ सोडून रडले.

त्याच सुमारास बाल्कनीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलाच्या घरट्यात पिल्लं निघाली. मुलानं, दिग्विजयनं, हैदराबादहून पाठवलेला कॅमेरा कपाटात धूळ खात होता. वैजनाथरावांनी तो हॉलमध्ये ट्रायपॉडवर चढवून बाल्कनीकडे तोंड करून ठेवला. माणूस जवळ दिसला की बुलबुल येत नसे, म्हणून सगळा कारभार फोनवरून. पडद्यावर घरटं दिसायचं आणि त्याखाली एक पट्टी. बोट उजवीकडे नेलं की चित्र उजळायचं, डावीकडे नेलं की गडद व्हायचं. सकाळचं ऊन दर पाच मिनिटांनी बदलायचं आणि वैजनाथरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

द्वारकाबाईंनी मात्र पंचवीस वर्षं रंग पारखून लोकांचे ब्लाउज शिवले होते. पहिलाच फोटो बघून त्या पलंगावरून कडाडल्या, "अहो, पांढरं फटक केलंत! बुडाचा लाल रंग कुठंय त्याचा? द्या तो फोन इकडे."

आणि वैजनाथरावांच्या तोंडून निघून गेलं, "इथून नाही चालायचा. कॅमेऱ्याची लिंक दारापर्यंतच येते."

बाई कुरकुरत दारापर्यंत आल्या. सात पावलं. खुर्चीत बसून त्यांनी बोटानं उजेड असा काही कमी केला की पिल्लांच्या चोचीतला गुलाबी रंगही दिसायला लागला.

मग लिंक रोज आखडायला लागली. दोन दिवसांनी ती जेवणाच्या टेबलापर्यंतच यायची, पुढे सोफ्यापर्यंतच. वैजनाथराव पहाटे गुपचूप कॅमेऱ्याचं वायफाय बंद करून ठेवत आणि साडेसातला बाई येऊन टेकल्या की हळूच बटण दाबत.

"नवाकोरा कॅमेरा आणि आठवड्यात म्हातारा?" बाई धापा टाकत म्हणत. "या घरात आलं की सगळ्यांचं असंच होतं."

अकराव्या दिवशी संध्याकाळी, दिग्विजयला फोटो पाठवायला म्हणून वैजनाथरावांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. घरट्याच्या फोटोंमध्ये तीन फोटो भलतेच निघाले. पाचव्या दिवसाचे, सकाळी सात वाजून दहा मिनिटांचे. त्या वेळी द्वारकाबाई पलंगावर होत्या, फोन त्यांच्या उशाशी. आणि आपण पक्ष्यांच्या वाटीत पाणी घालायला बाल्कनीत गेलो होतो, हे वैजनाथरावांना आठवलं. वायफाय बंद करायचं राहून गेलं होतं तर.

पहिल्या फोटोत उजेडासमोर नुसती काळी आकृती, हातात मग. दुसऱ्यात चष्मा आणि एक कान. तिसऱ्यात त्यांचा अख्खा चेहरा, वाढलेल्या दाढीसकट, सदऱ्याचं बटण वरखाली लागलेलं. मागचं घरटं उजेडात पार नाहीसं झालं होतं. त्यांचा चेहरा दिसेपर्यंत बाईंनी पट्टी सरकवत नेली होती.

म्हणजे लिंक पलंगापर्यंत येते हे हिला पाचव्या दिवसापासून माहीत होतं. तरी सहा दिवस दात-ओठ खाऊन ती सोफ्यापर्यंत येत राहिली. इतका जीव लावणारी बायको आपल्याला लाभलीय आणि आपण तिलाच फसवत बसलो, याची वैजनाथरावांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी वायफाय मुद्दाम चालू ठेवलं. उजाडल्यावर पाहतात तर घरटं रिकामं. पिल्लं उडून गेली होती. आता ही कशासाठी उठेल, या विचारानं ते पाण्याचा मग घेऊन बाल्कनीतच थिजले.

तेवढ्यात वॉकर वाजला. दार झालं, टेबल झालं, सोफाही मागे पडला. द्वारकाबाई थेट बाल्कनीच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. कपाळावर घाम होता, एका मुठीत वॉकरच्या दांड्यासोबत फोन धरलेला.

"पिल्लं गेली गं," ते म्हणाले.

"दिसलं मला. पलंगावरूनच."

"मग उठलीस कशाला?"

"पलंगावरून फोटो काढला तर त्यात मी कशी येणार? सरका जरा. आणि आधी ते बटण नीट लावा."

त्यांनी बटण लावलं आणि हात धरून बाईंना उंबऱ्याबाहेर घेतलं. पडद्यावर दोघंही काळेकुट्ट दिसत होते. उजेड वाढवायचा तर एक हात मोकळा हवा होता. द्वारकाबाईंनी वॉकर सोडला, सगळा भार नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि फोनच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जरा जास्तच उजेड लागतो."