अक्रोडाचं सिंहासन

जगात लाकूड एकच, ते म्हणजे सागवान; बाकी सगळं सरपण, असं चंद्रकुमार गिऱ्हेपुंजे यांचं ठाम मत होतं. लाकडावरून माणूस ओळखावा आणि सागवानावरून घराणं, असंही ते म्हणत. हे मत ते पवनीच्या बाजारात, आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून मांडत. दुकान प्लायवूडचं होतं. तिथं सर्वांत जास्त खपायचा तो सागवानी छापाचा सनमायका.

तरी या मताला एक पुरावा होता आणि तो आसगावच्या घरी, ओसरीत, चादरीखाली झाकून ठेवलेला असे. उमेदीच्या काळात चंद्रकुमारांनी स्वतःच्या हातांनी एक खुर्ची केली होती. अस्सल सागवान, उंच पाठ, दोन्ही हातांवर सिंहाची तोंडं. सिंह थोडे मांजराच्या वळणावर गेले होते, पण लांबून कळत नसे. आणि खुर्ची लांबूनच पाहायची होती. दिवाळीनंतर आसगावात मंडई म्हणजे गावजत्रा भरते, गावोगावचे सोयरे येतात आणि रात्री गावच्या मंडळाचं नाटक होतं. राजा त्या खुर्चीवर बसायचा. पडदा उघडायच्या आधी माईकवरून पुकारा व्हायचा, "सिंहासन सौजन्य, चंद्रकुमारजी गिऱ्हेपुंजे!" वर्षभरात त्यांचं नाव एवढ्या लोकांसमोर दुसऱ्या कुठल्याही कारणानं घेतलं जात नसे. लग्नपत्रिकेतसुद्धा ते 'आणि समस्त गिऱ्हेपुंजे परिवार' यातच असत.

नाटक ते कधी पाहत नसत. खुर्ची पाहत. राजा संतापून ताडकन उठला की प्रेक्षक प्रधानाच्या काळजीत आणि चंद्रकुमार मागच्या पायाच्या सांध्याच्या.

गेल्या मंडईला त्यांच्या शेजारी साडू बसले होते. बाबुलाल. बायकोच्या, दीपमालाच्या, धाकट्या बहिणीचे, ललिताबाईंचे यजमान. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, पेन्शनवाले, आणि निवृत्तीनंतर मोबाइलवर व्हिडिओ पाहून सुतारकाम शिकलेले. पुकारा झाला, टाळ्या झाल्या. बाबुलाल म्हणाले, "भाऊजी, सिंहासन बेस आहे जी. थोडं डायनिंग टेबलच्या खुर्चीवानी वाटते, पण बेस आहे."



"मी एक बनवून राहिलो," बाबुलाल पुढं म्हणाले. "अक्रोडाची. वॉलनट म्हणतात त्याले. व्हिडिओतला तो गोरा माणूस सागवानाले हातच लावत नाही. पुढच्या मंडईले घेऊन येतो. राजाले पण थोडा चेंज."

"अक्रोड आमच्याकडं प्रसादात देतात," चंद्रकुमार म्हणाले.

पण त्या रात्री राजा काय बोलला, प्रधानाचं काय झालं, हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात बाबुलालांचा फोन आला. नागपूरला लाकूड बाजारात जायचं आहे, फळ्या निवडायला तुमची नजर पाहिजे. चंद्रकुमार लगेच तयार झाले. दीपमालानं डबा भरता भरता विचारलं, "काहून जी, एवढ्या खुशीनं? त्यांचं लाकूड पाहाले?"

"साडू आहे. मदत करा लागते."

"माह्या बहिणीच्या घरचा पंखा बिघडला तवा तर तुमची कंबर दुखत होती."

बाजारातल्या व्यापाऱ्यानं अक्रोडाच्या फळ्या ओळीनं उभ्या केल्या. मधला गाभा चॉकलेटी, कडेला पांढरट पट्टा. चंद्रकुमारांनी फळ्यांवर हात फिरवला, वास घेतला, बोटानं ठोकून कान लावला. सरळ रेषेच्या, कोरड्या, निखळ गाभ्याच्या चार फळ्या त्यांना पहिल्या झटक्यात दिसल्या. म्हणून ते दुसऱ्या ढिगाकडे वळले. तिथं पांढरे पट्टे रुंद होते, गाठी होत्या आणि रेषा अशा पिळवटलेल्या होत्या की रंधा मारणाऱ्याचा जन्म त्यातच जावा. सागवानाचा पांढरा भाग आधी किडा खातो, हे झाडीपट्टीतलं शेंबडं पोरही जाणतं.

"हे घ्या," चंद्रकुमार गंभीरपणे म्हणाले. "यात जीव आहे."

"तुमी म्हणता तर प्रश्नच नाही," बाबुलाल म्हणाले, आणि त्यांनी साडूच्या पायाला हात लावायचा बाकी ठेवला. परतताना त्यांनी आग्रहानं पुरीभाजी खाऊ घातली. चंद्रकुमारांना ती गोड लागली.

तरी मनाचं समाधान होईना. पिळाची का होईना, फळी ती फळीच. त्यातून खुर्ची निघू शकते. तेव्हा गाडीत बसल्या बसल्या त्यांनी दुसरा सल्ला दिला.

"बाबुलालजी, याले बोडीत मुरवा लागते."

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. आसगावकडं ताजा बांबू महिना-दीड महिना बोडीच्या चिखलात दाबून ठेवतात, मग त्याला भुंगा लागत नाही. भट्टीत वाळवून, परदेशातून जहाजानं आलेलं लाकूड कोणी बोडीत टाकल्याचं ऐकिवात नव्हतं. वाळलेली फळी महिनाभर भिजली की फुगते, सुकताना वाकते, वाकताना तडकते. दुकानात रोज गिऱ्हाइकांना पाण्यापासून जपा म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती.

बाबुलाल थोडे घुटमळले. "व्हिडिओत तर असं नाही दाखवत जी."

"गोऱ्या माणसाजवळ बोडी आहे का?"

हा मुद्दा बिनतोड होता. फळ्या चंद्रकुमारांच्याच बोडीत दगडांखाली दाबल्या गेल्या. ते रोज सकाळी काठावर जाऊन पाण्याकडं पाहत. दीपमालाला वाटलं, नवरा शेतीत लक्ष घालू लागला. तिनं आनंदानं शेजारणींना सांगितलं.

संक्रांतीनंतर फळ्या निघाल्या. एक उभी चिरली होती, दुसरी पापडासारखी वाकली होती. चंद्रकुमारांनी च्यक् च्यक् केलं. पण बाकीच्या शाबूत होत्या आणि बोडीच्या लालसर, लोखंडी पाण्यानं त्या काळ्या झाल्या होत्या. रंग उडालेला, मळलेला काळा नव्हे. जुन्या देवळाच्या दारासारखा काळा. कडेचा पांढरा पट्टा करडा पडला होता, जणू कोणी पट्टी धरून काढला.

"अरे बाप्पा," बाबुलाल कुजबुजले. "भाऊजी, हे तर व्हिडिओत पण नाही."

चंद्रकुमारांना पाण्याचा राग आला. त्यांच्याच बोडीचं, त्यांच्याच बापजाद्यांनी खणलेल्या बोडीचं पाणी फितूर झालं होतं.

फळ्या सावलीत सुकल्या. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, लोंब्या निसवल्या. दसऱ्याला बाबुलालांनी जेवायला बोलावलं. हॉलमध्ये खुर्ची होती. रंग जाऊ नये म्हणून त्यांनी रंधा अगदी बेताचा फिरवला होता. खिळा एक नव्हता, सगळे सांधे खाचेत बसवलेले. पाठीच्या मधोमध ती पिळवटलेली रेघ, गाठीभोवती भोवऱ्यासारखी फिरून वर उठलेली. सिंह नव्हते. काहीच नव्हतं. तेच वाईट होतं.

"तो पीस तुमी निवडला," बाबुलाल म्हणाले. "मी तर सगळ्याइले सांगतो, डोळा भाऊजीचा, बोडी भाऊजीची. मी तं नुसते सांधे जोडले."

माणसानं वाईट वागावं, म्हणजे मग त्याचा तिरस्कार सोयीनं करता येतो. बाबुलाल ती सोय देत नव्हते. चंद्रकुमारांनी खुर्चीवर बसून पाहिलं. ती करकरली नाही. त्यांची करकरायची, पण ते त्याला राजेशाही आवाज म्हणत.

जेवणात बासुंदी होती. ती त्यांना पचली नाही.

घरी येऊन त्यांनी ओसरीतली चादर काढली. पहिल्यांदाच त्यांना आपली खुर्ची पिवळी दिसली. पिवळी आणि गुबगुबीत. दोन दिवस ते तिच्याभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पॉलिशचा डबा आणला. डब्यावर लिहिलं होतं, 'वॉलनट'.

दीपमालानं डबा पाहिला, खुर्ची पाहिली, नवऱ्याकडं पाहिलं. "आता सागवानाले सरपणाचा रंग कायले?"

"जुना झाला तो रंग. मेंटेनन्स आहे हा."

"मेंटेनन्स," दीपमाला म्हणाली आणि आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला. मग ललिताबाईंना फोन लागल्याचा.

महिनाभर मंडळाची तालीम धनीराम काटेखाये यांच्या गोडाऊनमध्ये चालली. धनीराम मंडईचे अध्यक्ष. एरवी चंद्रकुमार रोज तालमीला जाऊन, राजानं खुर्चीत कसं बसावं ते सांगत. यंदा ते पॉलिशचे हात देत होते. एक सुकला की दुसरा. सिंहाच्या तोंडात रंग साचला आणि सिंहांनी पान खाल्ल्यासारखं झालं. मधूनच ते धनीरामांना घरी बोलावत, चहा पाजत.

"अध्यक्षसाहेब, सिंहासनाचं लक्षात आहे ना?"

"पाहू ना जी," धनीराम बशीत चहा ओतत म्हणत.

जवाहरनगरहून बाबुलालांचाही फोन त्यांना जाई. दिवाळीला त्यांनी मिठाईही पाठवली. धनीराम तिकडंही म्हणत, पाहू ना जी. ते कोणालाच नाही म्हणत नसत. म्हणून तर अध्यक्ष होते.

मंडईच्या दिवशी दुपारी चंद्रकुमारांनी खुर्ची बैलगाडीतून स्टेजमागं नेली. तिथं टेम्पो उभा होता. बाबुलाल दोरी सोडत होते. दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोन्ही काळपट. येणारे-जाणारे थांबू लागले.

"यातली अक्रोडाची कोणती जी?" एका पाहुण्यानं विचारलं.

"ते सिंहवाली असंन," दुसरा म्हणाला. "ते जास्त डार्क आहे."

चंद्रकुमारांनी खुलासा केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते सागवानाच्या बाजूनं बोलले नाहीत. बाबुलाल मात्र म्हणाले, "भाऊजी, तुमची ठेवा. मान तुमचा आहे. मी माही परत नेतो."

हे ऐकून चंद्रकुमारांना इतका संताप आला की त्यांचे कान गरम झाले. दिलेला मान तो काय मान! "अजिबात नाही," ते म्हणाले. "लोकाइले ठरवू द्या. अध्यक्षाले बोलवा."

धनीराम आले. गळ्यात बिल्ला, हातात पानाचा विडा. दोन्ही खुर्च्यांभोवती फिरले, एका सिंहाच्या डोक्यावर थोपटलं, दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

"सांगा अध्यक्षसाहेब. राजा कशावर बसन?" चंद्रकुमारांनी विचारलं.

धनीरामांनी विडा गालात सरकवला. "राजा कुठं आहे जी यंदा? पोराइनं सामाजिक नाटक घेतलं न. दवाखान्यातलं."

बाबुलालांनी सोडलेली दोरी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"बाप पहिल्या अंकापासून बेशुद्ध आहे," धनीराम समजावून सांगू लागले. "अन् बाकीचे सगळे उभ्यानं रडतात. मस्त आहे, या पाहाले."

पेशंटसाठी धनीरामांच्या घरची खाट आणली होती. रात्री माईकवरून पुकारा झाला, "खाट सौजन्य, धनीरामजी काटेखाये."