अव्वाचे चिंचोके

भुवनेश्वरीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. समुद्र चढतोय, बेट बुडायला लागलंय. तिथल्या माणसांनी सगळ्यांनी मिळून पुढचं कसं ठरवावं, यावर तिचं संशोधन. सोमवारी ती लक्षद्वीपला निघणार होती. त्याआधी आपली पद्धत घरच्यांवर करून बघ, असं तिच्या गाईड मॅडमनी बजावलं होतं. आणि घरचे म्हणजे एकेक नग!

घर सात रस्ता चौकाच्या मागचं, आता निम्मं खोक्यांत भरलेलं. ते विकून पुण्याला शिवूकडे, तिच्या भावाकडे, राहायला जायचं ठरलं होतं.

त्यातल्याच एका खोक्यावर तिनं दोन चित्रं मांडली. बेटावर राहायचं, की बेट सोडायचं? प्रत्येकाला पाच चिंचोके. ज्याला एरवी कुणी विचारत नाही त्यानं आधी टाकायचे, हा नियम. पण तिचे वडील गुरुसिद्धप्पा, जन्मभर चादरींच्या दुकानात हुकूम सोडलेले. नियम ऐकून व्हायच्या आत त्यांनी आपले पाचही ‘सोडायचं’वर टाकले आणि बायकोचे, शिवम्माचेही, उचलले.

“अप्पा! अव्वाचे तिला टाकू द्या की!”

“तिचं नि माझं येगळं हाय का? समुद्र चढतोय म्हटल्यावर निघायचं. त्यात इचारायचं काय?”

फोनवरून शिवू म्हणाला, “माझं अप्पांसारखंच. मीटिंग हाय मला,” आणि गायब. भुवनेश्वरीनं कपाळावर हात मारला. अप्पांच्या मुठीतले चिंचोके काढून तिनं अव्वाच्या ओंजळीत घातले.

शिवम्मानं दोन्ही चित्रं नीट बघितली. मग पाचही चिंचोके तिनं ‘राहायचं’वर ठेवले.

“ब्याडा. नको मला. हितं शेजारी काशम्मा हाय, माझी माणसं हायत. तितं दिसभर मी कुणाशी बोलू?”

“अव्वा, हे बेटाचं चाललंय गं, पुण्याचं नाही!”

“मग पुण्याचं कवा इचारलंस?”

पुण्याचं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं होतं आणि सगळ्यांत पहिला अंगठा भुवनेश्वरीचाच होता. अव्वाकडे साधा फोन. ती त्या ग्रुपवर नव्हतीच. हे आपल्या लक्षातही आलं नाही, याची तिला भयंकर लाज वाटली.

“घराचा बयाणा घेतलाय,” अप्पा पुटपुटले.

“बेटावरल्या बायकांना तरी आदी इचार,” म्हणत अव्वा चिंचोके गोळा करू लागली.

“राहू देत ते. तिथंच राहू देत.” भुवनेश्वरीनं शिवूला परत फोन लावला आणि अव्वाच्या हातात दिला.