उभ्या जागेचा पत्ता

“तुह्या बापानं समद्या वस्तीला जागा दाखवल्या, अन् सोता मातर जुन्या घरातच राह्यला,” रुक्माबाई लेकाला म्हणाली.

शेषराव शेजारी जळबाच्या खोलीत भिंतीला टेकून, चहाची बशी हातात धरून बसला होता. नवं गाव म्हणजे जवळा बाजारच्या अलीकडे माळावर उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोल्या. जुनं गाव तलावाच्या पाण्याखाली जाणार होतं. त्याच्या बापाला, मुंजाजीला, जाऊन आठवडा होत आला होता. ‘वडील आजारी, निघून ये’ ही तार हैदराबादला वेळेवर पोचली होती. शेषरावच वेळेवर निघाला नाही. उद्या निघू, परवा निघू, करत तो यंत्रापुढं बसून राहिला, आणि आला तेव्हा राख गार झालेली होती.

हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत काही जण मिळून देशी संगणक घडवत होते. संगणक जागा होताना जी पहिली कामं करतो, ती लिहिणं शेषरावाच्या वाट्याला आलं होतं. यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक खणाला एक खरा पत्ता असतो. पण पुढं येणाऱ्या कामांना खरे पत्ते दाखवायचे नसतात. त्यांना मानलेले पत्ते द्यायचे, आणि कुठला मानलेला पत्ता कुठल्या खऱ्या खणावर जातो, याचा तक्ता आधी मांडून ठेवायचा. तक्ता पुरा झाला की एक आज्ञा द्यायची. त्या क्षणापासून यंत्र तक्त्यात पाहिल्याशिवाय कुठंच जात नाही.

शेषरावाचं यंत्र त्या आज्ञेपाशी येऊन मरायचं. पुढच्या पट्टीवरचे दिवे जागच्या जागी गोठायचे. चूक काय ते सांगणार कोण? महिनाअखेर यंत्र उभं राहिलं नाही तर काम गुंडाळून परदेशी संगणक घ्यायचा, असं वरून आलं होतं. त्या धास्तीनं त्यानं खिशात तार ठेवून दिवस काढले होते. आता यंत्र चालू झालं तरच आपल्या त्या न येण्याला काही अर्थ राहील, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

“झालं काय नेमकं?” त्यानं विचारलं.

“काय व्हायचं! कोन्ती जागा कोनाची, समदं त्याच्याच डोक्यात. अंगात ताप, तरी एकेकाची गाडी माळावर घेऊन जायचा, जागा दाखवायचा, परत यायचा. शेवटच्या दिशी आपल्या घराचे पत्रे उतरिवले. मला गाडीत बसिवलं. म्हनला, तू हो पुढं, मी आलोच.”

“मग?”

“मग काय. इथं आले तं आपली जागा कोंची, तेच कोनाला ठावं न्हाई. समद्याइची सांगितली त्यानं, आपलीच सांगायची राह्यली. मी जळबाच्या दाराशी सामान टाकून बसले. ह्याला वाटे तो त्याच्या घरी असंल, त्याला वाटे ह्याच्या. दिवस कलला तवा जळबा बघाया गेला. बिनपत्र्याच्या घरात, उन्हात पडलेला. बोलला बी न्हाई.”

“माणूस मागं असंस्तोवर जुनं घर मोडायचं नसतं, लेकरा,” ती हळूच म्हणाली. “एवढं बी ध्यानात आलं न्हाई आमच्या.”

शेषरावानं बशी खाली ठेवली.

यंत्राच्या तक्त्यात त्यानंही प्रत्येक गोष्टीला नव्या ठिकाणचा पत्ता दिला होता. पण आज्ञा देणारी ओळ त्या क्षणी जिथं उभी होती, त्या जुन्या जागेची नोंदच तक्त्यात नव्हती. आज्ञा सुटताच यंत्र पुढची ओळ तक्त्यात शोधायचं, आणि तशी जागाच नसायची. जुनी जागा जुन्याच पत्त्यावर थोडा वेळ राहू द्यायची, नव्या जागी पाय टेकला की मगच पुसायची. एका नोंदीचं काम होतं.

बापाच्या मरणातून आपल्याला यंत्राची चूक दिसावी, याची त्याला शिसारी आली. तरी डोकं थांबेना. दोनदा, तीनदा ताडून पाहिलं, बरोबर होतं.

“माय, मला वसमतला जायचंय. फोन करायचाय हैदराबादला.”

“आज? लोकं बसाया येतीन.”

“तेवढं केलं की आलोच.”

ती पीठ मळायला वळली.

वसमतच्या पोस्टातले कारकून बंडोपंत सज्जन होते. “साहेब, नांदेडवरून लाइन मिळायला हवी. बसा, लागेल तेव्हा लागेल,” म्हणाले. शेषराव बाकावर बसून राहिला. दुपार कलल्यावर एकदाची लाइन लागली. पलीकडे त्याचा जोडीदार मार्तंड होता.

“मार्तंड, चूक सापडली. लिहून घे. उभ्या जागेची नोंद राहिली होती.”

 

“शेषराव, तुझ्या घरी असं झालेलं, म्हणून कळवलं नाही रे,” मार्तंड म्हणाला. “तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी वरचे लोक आले. महिनाअखेरपर्यंत थांबलेच नाहीत. यंत्र खोललंय. त्याची कपाटं दुसऱ्या विभागानं नेली.”

“सगळी?”

“सगळी.”

“तरी लिहून घे.”

“अरे, पण चालवायचं कशावर?”

“चालवू नको. नुसतं लिहून घे.”

मार्तंडनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि तो म्हणाला, “चाललं असतं रे.” मग लाइन गेली.

“झालं का काम?” बंडोपंतांनी विचारलं.

“झालं,” शेषराव म्हणाला.

तो परतला तेव्हा दारापुढं सतरंजी टाकलेली होती. जळबा आणि वस्तीतली चार माणसं, काही बाया बसल्या होत्या. रुक्माबाई उठून पुढं आली.

“लागला फोन?”

“लागला.”

“चालू झालं का तुहं यंतर?”

तिच्या तोंडाकडे पाहून त्याला दुसरं काही सुचलं नाही. “झालं, माय.”

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “न्हाईतर कशापायी थांबला व्हतास, असं वाटलं असतं.” मग वळून बसलेल्यांना तिनं सांगितलं, “माह्या लेकाचं यंतर चालू झालं.”

सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. जळबा जरा सरकला आणि सतरंजीवर त्यानं शेषरावाला जागा करून दिली.