बेअरिंग बसल्याचा आवाज

बुधवारी सकाळी कस्तुराबाईचं धुण्याचं मशीन कपडे पिळता पिळता ओरडायला लागलं. जात्यात खडे पडावेत तसा घरघराट उठला, मशीन थरथरत मोरीतून निघालं आणि पार उंबऱ्याला येऊन थडकलं. कस्तुराबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं.

आतल्या खोलीतून पलंगाच्या पट्टीवर टकटक ऐकू आली. तिचे मालक त्रिंबकराव लकवा झाल्यापासून सात महिने पलंगावरच होते. जीभ जड झालेली. काय झालं, असं विचारायचं म्हटलं की डाव्या हातानं पट्टी वाजवायचे.

"काय नाय वो," कस्तुराबाई बाहेरूनच म्हणाली, "मशीनच्या अंगात आलंय."

हसून बोलली खरी, पण डोक्यात चादरींचा हिशेब सुरू झाला होता. त्रिंबकरावांच्या दिवसाला तीन-चार चादरी निघत. त्यांचं घर हरसूलच्या पुढं, फुलंब्री रस्त्याला. तिथं जिकडंतिकडं प्लॉट पडले होते, घरांवर घरं चढत होती, पण महापालिकेचा नळ काही तिथवर पोचला नव्हता. त्यात हा सलग दुसरा कोरडा पावसाळा. टँकर दर सोमवारी यायचा. बोअरला कधीमधी दोन-चार हंडे पाणी यायचं, तेही खारं जहर, ते मशीनला जायचं. हातानं धुवायचं तर तेवढ्या चादरींना आठ हंडे लागत. मशीन तीन हंड्यांत काम करायचं, वर त्याचं सांडपाणी संडासाला पुरायचं. सिडकोत ज्या बाईंकडं कस्तुराबाईनं अकरा वर्षं स्वयंपाक केला, त्या पुण्याला गेल्या तेव्हा हे मशीन तिला देऊन गेल्या होत्या. लेकीला सासरी पाठवताना सांगावं तसं त्यांनी सांगितलं होतं, "सांभाळ गं हिला."

मागच्याच आठवड्यात धाकटा दीर पुंजाराम फुलंब्रीहून आला होता. दादाच्या अंगाखालची चादर ओली लागली तसा त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, "वहिनी, इथं पाणी नाय, माणूस नाय. दादाला गावाला नेतो. येत्या रविवारी जीप घेऊन येतो."

"गावाला तरी कुठं नदी वाहतीय भाऊजी?"

"नसंना का. घरात तीन बाया हायेत."

ते एक वेळ कस्तुराबाईनं ऐकून घेतलं असतं. पण त्रिंबकरावांनी मान हलवली. जातो, अशी. नवऱ्याची ती मान तिच्या काळजात काट्यासारखी रुतली. आपली घाण बायकोनं किती दिवस काढायची, ह्या लाजेपोटी हा माणूस स्वतःचं घर सोडायला निघालाय, हे तिला सांगावं लागलं नाही. तीस वर्षांचा संसार. न बोललेलंही ऐकू येतं.

बुधवारीच दुपारी मेकॅनिक आला. त्यानं ड्रम हातानं दोनदा फिरवला, कान लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बेअरिंग गेलं, मावशी. ह्याचा अख्खा टब बदलावा लागतो. एवढं जुनं मशीन, भंगारात घाला आन् नवीन बघा."

"बेअरिंग गेलं तर टब कशाला? चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलतं का?"

मेकॅनिक हसला आणि पिशवी उचलून गेला.

कस्तुराबाई पदर खोचून थेट शेजारच्या जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्यावर सुकेशनी राहायची, आईबरोबर. वाळूजच्या कारखान्यात कामाला होती. गाडीच्या चाकात बेअरिंग बसवायचं तिचं काम, दिवसाला चारशे चाकं.

"जय भीम, पोरी. तुझ्याकडं काम हाय."

"राम कृष्ण हरी, मावशी. बोला ना."

सगळं ऐकून सुकेशनीनं डोकं खाजवलं. "आमच्याकडं मशीन दाबतं हो सगळं. मी नुसतं ठेवते आन् बटण दाबते. हातानं कधी बसवलं नाय."

"मी तरी कधी बसवलंय? दोघी अडाणी, म्हंजी बरोबरी झाली. शुक्रवारी सुट्टी ना तुला?"

शुक्रवारी सकाळी मोरीपुढं जुनं लुगडं अंथरलं. कस्तुराबाईनं मिसळणाचा डबा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत वरच्या झाकणाचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत दाराच्या रबराचे, हळदीच्या वाटीत मोटरचे. सुकेशनीला ते फार आवडलं. "आमच्या सुपरवायझरला दाखवायला पाहिजे."

पट्टा काढला, वायरींना रंगीत दोरे बांधले, टबावर बसवलेलं सिमेंटचं वजन दोघींनी मिळून खाली घेतलं. टब लुगड्यावर आला तेव्हा सुकेशनी कडेनं बोटं फिरवत म्हणाली, "मावशी, हा तर स्क्रूंनी बांधलाय. उघडतोय की. तुमच्या मेकॅनिकनं बघितलं तरी का?"

टबाचे दोन भाग झाले. आतल्या स्टीलच्या ड्रमच्या पाठीला तिवईसारखे तीन पाय होते आणि त्यांच्या मधोमध जाड दांडा. दांड्याच्या टोकाचा बोल्ट अर्धा परत लावून त्यावर लाकडाचा ठोकळा धरला, म्हणजे आटे मोडायचे नाहीत, आणि हातोडीनं ठोकत दांडा बेअरिंगमधून बाहेर काढला. ड्रम सुटला आणि सुकेशनी थबकली. तिवईच्या पायांत काळ्या लोकरीचा गुंता अडकला होता, राखट चिकट लगद्यानं माखलेला.

"हे काय?"

कस्तुराबाईनं तो गुंता चिमटीत धरला. मग हळूच म्हणाली, "घोंगडी."

"मशीनमधी घोंगडी?"

"मंगळवारी. ह्यांच्या अंगावरची. घाण झालती. सासऱ्यानं स्वतः मेंढ्या कातरून विणून घेतलेली. एक दिवस नसली तर ह्यांना झोप लागत नाय. हातानं धुवायला पाणी नव्हतं. वाटलं, होईल की." तिनं पदर तोंडाला लावला. "चिंचोक्याची खळ असती घोंगडीला, मला का ठावं नाय? धनगराची सून मी. घोंगडी भिजली की अख्ख्या मेंढीएवढी जड होती. आन् तीच मी ह्याच्या पोटात घातली. कुणाला सांगितलं नाय. मीच मोडलं, सुकेशनी."

सुकेशनीला आधी हसू आलं, मग तिनं ते गिळलं. टबाचा मागचा भाग उजेडात धरला. "इकडं बघा. हा गंजाचा ओघळ. सील फाटून पाणी बेअरिंगमधी शिरत होतं, दोन-चार महिने तरी. खाऱ्या पाण्यानं खाल्लंय ते. घोंगडीनं नुसता शेवटचा धक्का दिला."

"खरं सांगतीस, का मावशीचं मन राखतीस?"

"बेअरिंगचं काम करते मी, मावशी. मन राखायचा पगार देत नायत मला."

जुनी बेअरिंगं ठोकून काढायला दुपार गेली. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. गंजलेली, बोटानं फिरवली की किरकिरणारी. शनिवारी ती बेअरिंगं आणि फाटलेलं सील फडक्यात बांधून कस्तुराबाई औरंगपुऱ्याला गेली. रिक्षातून उतरून एका बोळात, तिथून आणखी आतल्या बोळात. दुकानदार चाचांनी गठुडं उघडलं.

"अम्मा, ये कायका है? ट्रॅक्टर का?"

"धुनं धुवायच्या मशीनचं."

"और खोल्या कौन?"

"मीच."

चाचांनी चष्मा वर केला. कडेवरचा नंबर वाचून दोन डब्या काढल्या, सील मापून दिलं, आणि कागदात थोडं ग्रीस बांधून दिलं. "ये सील के होठाँ पे लगाना. सूखा मत बिठाना. बिठाके मेरे कू बताव, हाँ? नै बैठा तो भी आव."

बेअरिंगं रात्रभर सुकेशनीच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात राहिली, गारठून अंग चोरावं म्हणून. रविवारी सुकेशनीनं पाळी बदलून रात्रीची घेतली होती. सकाळी नऊ वाजता कस्तुराबाईनं टबाच्या बेअरिंगच्या जागेवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरलं. "ह्याला शेक, त्याला गारठा. बाळंतिणीचं न्हाणं चाललंय जणू."

नवं बेअरिंग जागेवर ठेवलं. त्यावर जुनं बेअरिंग पालथं धरलं. मार बाहेरच्या कड्यालाच लागला पाहिजे, आतल्याला लागला तर नवीन बेअरिंगही गेलंच समजा, सुकेशनीनं बजावलं. हातोडी पडू लागली. थप. थप. थप.

तेवढ्यात दाराशी जीप थांबली. पुंजाराम आत आला आणि ओसरीभर पसरलेलं मशीन बघून उभाच राहिला. "वहिनी! हे काय मांडलंय? दादाची तयारी झाली का?"

"बसा भाऊजी. नायतर असं करा, उभेच ऱ्हावा आन् हा टब धरा."

"मी दादाला न्यायला आलोय."

"मग टब धरून न्या. धरा की! हलतोय."

पुंजारामनं धरला. काय करणार बिचारा, दोन बाया आणि हातोडी. सुकेशनीनं आणखी चार ठोके मारले, वाकून बघितलं. "बसलं, मावशी. कडेला टेकलंय."

"टेकलं की," पुंजाराम म्हणाला. "मलाबी दिसतंय."

"नाय बसलं," कस्तुराबाई म्हणाली.

"अहो, दिसतंय ना. जास्त मारलं तर फुटंल. हाताखाली दुसरं नाय आपल्याकडं."

"दिसू दे. ऐकू येत नाय."

तीस वर्षं कस्तुराबाई कीर्तनाला टाळ घेऊन उभी राहत आली होती. सप्ताहात पन्नास बायांच्या रांगेत एखादीचा टाळ सैल दोरीचा असला, की तिला तो डोळे मिटून कळायचा. आवाज फुटका येतो, हवेत विरतो. घट्ट धरलेल्या टाळाचा तसा नसतो, तो भरून येतो. ह्या ठोक्यांत अजून तो पोकळपणा होता. कुठंतरी केसाएवढी जागा उरली होती.

"मार," ती सुकेशनीला म्हणाली. "माझ्या जबाबदारीवर मार. ह्या अंगाला एक, समोरच्या अंगाला एक."

सुकेशनीनं पुंजारामकडं बघितलं, कस्तुराबाईकडं बघितलं. कारखान्यात हिरवा दिवा लागला की काम झालं. इथं दिवा नव्हता, एका म्हातारीचा कान होता. तिनं हातोडी उचलली.

थप.

थप.

ठण्ण!

तिघांनाही ऐकू आलं. पुंजारामच्या हातांत टब झिणझिणला. सुकेशनीनं मधल्या कड्यात बोट घालून फिरवलं, ते लोण्यासारखं गरकन फिरलं.

"आता बसलं," कस्तुराबाई म्हणाली आणि कपाळाचा घाम पुसला. "राम कृष्ण हरी."

दुसरं बेअरिंग बसवताना सुकेशनीनं वाकून बघितलंच नाही. ठोका मारायची आणि कस्तुराबाईच्या तोंडाकडं बघायची. मग सील, सीलच्या ओठांना ग्रीस, ड्रम, टबाचे दोन्ही भाग, मोटर, पट्टा. सिमेंटचं वजन पुंजारामनं एकट्यानं चढवलं आणि उगाच म्हणाला, "गाईच्या वासराएवढं हाय." मिसळणाचा डबा रिकामा होत आला. हळदीच्या वाटीत एक स्क्रू उरला होता. तो कुठला, ह्यावर पाच मिनिटं वाद झाला, शेवटी मोटरखाली त्याचं भोक सापडलं.

टाकीत तीनच हंडे उरले होते. टँकर उद्या. कालच्या आणि आजच्या चादरी आत घातल्या, हंडे ओतले. सील गळलं असतं तर ते पाणी मोरीत गेलं असतं आणि रात्रीपर्यंत त्रिंबकरावांच्या अंगाखाली घालायला कोरडं काही राहिलं नसतं. हे तिला माहीत होतं. हिशेब डोक्यातून झटकून तिनं बटण दाबलं.

ड्रम फिरायला लागला. सुकेशनी जमिनीवर आडवी होऊन खालून बघत होती. "थेंब नाय."

तासाभरानं पिळायची वेळ आली. मशीन हळूहळू वेग घ्यायला लागलं, आणखी, आणखी. मशीन जागचं हललं नाही. आतून एकसुरी गुणगुण येत होती, लांबच्या मंदिरात विणेकऱ्यानं एकच तार धरून ठेवावी तशी.

आतल्या खोलीत पट्टी वाजली. टकटक.

तिघंही आत गेली. त्रिंबकराव उशाला टेकून बसले होते, डोळे दाराकडं. गुणगुण तिथवर येत होती. सात महिन्यांत बायकोनं दिवसाला किती हंडे वाहिले हे मोजणारा माणूस तो, त्याला आवाजावरून सगळं कळलं होतं.

पुंजाराम पलंगाशी गुडघे टेकून बसला. "दादा, मशीन झालं नीट. पण तू म्हंशील तसं. जीप दाराशीच हाय. निघायचं का?"

कस्तुराबाईनं तोंड फिरवलं. मान हलेल ती कशी हलेल, हे तिला बघायचं नव्हतं.

त्रिंबकरावांनी मान हलवलीच नाही. त्यांनी डावा हात उचलून धाकट्या भावाच्या खांद्यावर ठेवला. ओठ थरथरले. एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग शब्द आले, जड पण ओळखू येणारे, घरधन्यानं आल्या पाहुण्याला म्हणावेत तसे.

"जे... जेवून... जा."

पुंजारामनं खांद्यावरचा तो हात दाबला. मग उठला, खिशातली जीपची किल्ली काढून खिडकीत ठेवली आणि बाहेर मोरीकडं जात म्हणाला, "वहिनी, चादरी कुठं वाळत घालता? गच्चीवरच ना?"

"व्हय, गच्चीवर," कस्तुराबाई म्हणाली. सुकेशनीकडं वळून तिनं तिच्या हातातली हातोडी काढून घेतली. "तू बी हात धू. चौघांच्या भाकरी थापायच्यात."